लाभ, दोन, तीन

मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात
अमोनियाचा व्हॉल्व्ह सुटला तेव्हा
आत आम्ही दोघेच होतो.
धाकू भाटकर, वय एकाहत्तर,
आणि मी, तेवीस.
आधीच सांगून टाकतो:
आत जास्त वेळ मी होतो.
मोबाइल राहिला होता क्रशरजवळ.

काकांनी ओलं फडकं तोंडाला लावलं,
वाकून, भिंत चाचपत बाहेर पडले.
मी उभ्यानेच धावलो, डोळे मिटून.
जेटीवर दोघेही खोकलो.
बाजूला बांगड्यांचे क्रेट उतरत होते,
कुणी वळूनही बघितलं नाही.
"मना काय व्हतंय रं," काका म्हणाले
आणि चुन्याची डबी शोधू लागले.

चौथ्या दिवशी मला सिव्हिलमधून घरी सोडलं.
त्याच दुपारी त्यांच्या घशात नळी घातली.

डॉक्टर काझीबाईंनी फोटो उजेडाला धरला.
दोन्ही बाजूंना पांढरं.
मी म्हटलं, लादीसारखं.
त्यांना कळलं नाही, म्हणून सांगितलं:
डब्यातलं पाणी कडेने आधी गोठतं,
काचेसारखं, आरपार.
हवा आत आत सरकत जाते
आणि शेवटी मधोमध अडकते, पांढरी.
काका लादीच्या पोटावर टिचकी मारायचे,
"ही हवा हाय, बर्फ न्हाय."

"इथे उलटं आहे," बाई म्हणाल्या.
"पांढरं म्हणजे हवा नाही.
पाणी भरलंय."

मग मी विचारलंच.
वायू तोच, दार तेच, मिनिटं माझी जास्त.
बाई स्टूल ओढून बसल्या.
"तुला पहिल्याच रात्री ताप चढला. त्यांना आला होता?"
नव्हता आला.
"म्हातारपणी हाक उशिरा जाते.
मदतीला येणारे उशिरा येतात,
आणि आले की घरी जायचं विसरतात.
आग विझली तरी पाणी मारत राहतात,
भिंतच खचवतात.
त्यात बरगड्या ताठ, खोकल्यात जोर नाही,
डागडुजी करणारे गवंडीही दमलेले."
उठता उठता म्हणाल्या,
"पण वय म्हणजे निकाल नव्हे हं.
ब्याऐंशीच्या एकीला चालत घरी पाठवलीय मी."

त्यांना पालथं घातलं,
सोळा सोळा तास,
पाठीकडचं फुप्फुस उघडावं म्हणून.
पावसाळ्यात होड्या झापांखाली पालथ्या असतात,
मला तेवढंच आठवलं.
काचेतून फक्त टाचा दिसायच्या,
चाळीस वर्षांच्या मिठाच्या पाण्याने चिरलेल्या.

आईने माझ्या नावाने भैरीला नारळ ठेवला.
मी दुसरा घेऊन गेलो.
गुरवाने नाव विचारलं. धाकू, म्हटलं.
"धाकटा ना? म्हणजे तूच."
मी नाही म्हटलं नाही.
नारळ फुटला तो मात्र नीट मधोमध.

एकेचाळिसाव्या दिवशी काका घरी आले.
उशाशी मशीन, नाकाला नळी,
लाइट गेली की मशीन ओरडतं
आणि सून इन्व्हर्टरकडे धावते.
काका दोन शब्द बोलतात, मग वाट बघतात,
तिसरा शब्द जणू भरतीबरोबर यायचा आहे.

ट्रक भरताना ते लाद्या मोजायचे
लाभ, दोन, तीन,
वीस लाद्या एका दमात,
वर ड्रायव्हरला एक शिवी फुकट.

काल त्यांच्या पडवीत बसलो होतो.
सून टोपलीतून बांगडे काढत होती.
काकांनी सवयीनेच सुरू केलं,
लाभ
दोन
तीन
चार
आणि सहावर थांबले.
गळ्याखालचा खळगा आत गेला, बाहेर आला,
पुन्हा आत गेला.
सून थांबली, हातात बांगडा तसाच.
मी मशीनवरचा आकडा बघत राहिलो.

सात मला येत होतं.